वेधशाळेत एक दिवस

— ऊस विकास अधिकारी



पुण्याचे ‘सिमला ऑफिस’ आपणापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले, तेव्हापासूनचे हे नाव. २३ मार्च हा जागतिक हवामान दिन. त्या निमित्ताने ही वेधशाळा लोकांना पाहायला खुली करतात, तिकीट-बिकीट काही नाही. मागे एका वर्षी आपले काही सभासद, त्यांची मंडळी व पोरेबाळे घेऊन मी गेलो होतो. ऐन गाळपात रजा मागितली म्हणून बोलणी खावी लागली, पण गेलो ते बरे झाले.

पर्जन्यमापकापाशी पोरांची झुंबड. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर सुमारे ४,००० लिटर पाणी, हे ऐकून जाणती माणसेही थबकली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच दिवशी मुंबईतच कुलाब्याला जेमतेम ७३! तेव्हा कारखान्यावर पाऊस झाला म्हणून आपल्याही फडात झालाच, असे धरून पाण्याची पाळी चुकवू नका. दर गटाला एक मापक द्यावा अशी मागणी मी केली आहे. बघू.

गारेला कांद्यासारखे पदर असतात, तेही चित्रात दाखवले. पण मी अडकलो तो विजेच्या तक्त्यापाशी.

त्याला कारण आहे. नोकरीच्या सुरुवातीला लागण नोंदीला गेलो असता वळवाने गाठले. मी आणि शेतकरी पाय जवळ घेऊन लिंबाखाली उभे. पन्नासेक पावलांवर बांधावरच्या नारळावर वीज पडली. बुंध्याजवळ बांधलेली खिलार जोडी जागच्या जागी गेली. आम्हाला नुसत्या पायांना मुंग्या. “देवाची करणी,” म्हणून तो गडी खाली बसला. त्याचे सोसायटीचे कर्ज त्या जोडीवरच होते. मलाही दुसरे काही सांगता आले नाही.

वेधशाळेतल्या साहेबांना विचारले. ते म्हणाले, वीज झाडावरून जमिनीत उतरते आणि चहूकडे पसरते. जितके लांब जावे तितका जोर कमी. जनावराचे पुढचे-मागचे पाय चार-पाच फूट लांब, म्हणून दोन्हीकडच्या दाबात मोठा फरक पडतो आणि प्रवाह छातीतून जातो. आमचे पाय जवळ होते आणि आम्ही लांब होतो. पण लिंबाखाली थांबलो ही आमचीही चूकच. वीज त्याच्यावर पडती तर हे लिहायला मी नसतो.

आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. लखलखाट दिसल्यावर मोजा. तीसच्या आत गडगडले तर पक्क्या घरात जा, मोटारीच्या स्टार्टरला हात लावू नका, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. जनावरे झाडाला बांधू नका. ताडपत्रीची कोपी म्हणजे आसरा नव्हे. मार्च-एप्रिलात तोडणी चालू असेल तर टोळीला जवळची शाळा किंवा देऊळ आधीच दाखवून ठेवा. मुकादमांना मी सांगतोच आहे, तुम्हीही सांगा.

येत्या मार्चला पुन्हा जायचा विचार आहे. नावे गट ऑफिसात द्यावीत. भाकरी ज्याची त्याने आणावी. पोरांना जरूर आणा, प्रश्न तीच जास्त विचारतात.