शिकलो नसतो तर?

प्रौढांच्या प्रशिक्षणाचा फायदा पैशांत मोजायची सोपी रीत सगळ्यांना माहीत आहे. आधीची मिळकत किती, नंतरची किती, करा वजाबाकी. ही वजाबाकी चुकते कुठे, एवढंच आज पाहू.

अमेरिकेत 1962 साली बेरोजगारांच्या प्रशिक्षणाचा कायदा झाला. त्याखाली 1964 मध्ये शिकलेल्यांची मिळकत ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर या अर्थशास्त्रज्ञांनी तपासली आणि 1978 मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांना दिसलं की प्रशिक्षणाच्या अगदी आधी या लोकांची मिळकत घसरलेली होती. साहजिकच आहे! काम सुटतं, म्हणून तर माणूस वर्गात येऊन बसतो. आता, खड्ड्यातून काहीजण तसेही वर आले असते. त्याचं श्रेय वर्गाला दिलं, तर कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, असं होईल.

मग न शिकलेल्यांशी तुलना करू? पण पुष्कळदा तो शेजारी आला नाही, कारण त्याचं बरं चाललं होतं.

यावर उपाय म्हणजे चिठ्ठ्या टाकणं. 1970 च्या दशकात तिथेच तुरुंगातून सुटलेले, व्यसनातून बाहेर आलेले, शाळा सुटलेले तरुण अशांना कामाचा अनुभव देणारी योजना चालली. कुणाला घ्यायचं ते सोडतीने ठरलं. त्यामुळे दोन्ही गट सुरुवातीला सारखे होते. रॉबर्ट लालोंड यांनी 1986 मध्ये हिशेब मांडला. सोडतीप्रमाणे पुरुषांची वार्षिक मिळकत सुमारे 900 डॉलरने वाढलेली दिसली. मग त्यांनी सोडतीतला दुसरा गट बाजूला ठेवून, देशभरच्या पाहणीतल्या सामान्य पुरुषांशी तुलना केली. तर सरळ वजाबाकीत तीच योजना हजारो डॉलरच्या तोट्याची! माणसं तीच, शिकणं तेच. बदललं फक्त ‘कुणाशी तुलना’ हे.

दुसरा प्रश्न ‘केव्हा मोजायचं’ हा. कार्ड, क्लूव्ह आणि वेबर यांनी 2018 मध्ये दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र पाहिले. पहिल्या वर्षात अशा योजनांचा सरासरी परिणाम शून्याजवळ, दोन-तीन वर्षांनी मात्र तो स्पष्ट दिसतो. प्रशिक्षणाच्या बाबतीत तर विशेष. म्हणजे घाईने मोजलं, तर चांगला वर्गसुद्धा निकामी ठरून बंद पडेल.

आपल्याकडे 2015 पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आहे. अशा कुठल्याही योजनेत ‘इतक्यांना नोकरी लागली’ असं वाचलं, की आपण दोन गोष्टी विचारू : न शिकता किती जणांना लागली असती? आणि तीन वर्षांनी त्यांचं काय?

आम्ही तत्त्वज्ञानवाले ‘तसं घडलं नसतं तर’ हा प्रश्न ह्यूमपासून घोळवत आलोय. एकच माणूस शिकलेलं आणि न शिकलेलं अशी दोन आयुष्यं जगत नाही. म्हणून उत्तर मिळतं ते गटाबद्दल, एकट्याबद्दल नाही. चाळिशीत पुन्हा वही घेऊन बसलेल्या बाईकडे ‘तुझ्यावरचा खर्च वसूल झाला का, सिद्ध कर’ असं मागणं बरोबर नाही. ते सिद्ध करायचं काम मोजणाऱ्यांचं आहे.