काम झाले, स्वीकृती कोठे?

माल पोचला की व्यवहार पुरा झाला, अशी आपल्या पेढ्यांवरील जुनी समजूत. परंतु यंत्राची जोडणी वा संगणकप्रणालीसारख्या कामांत ‘पाहून सांगतो’ एवढ्या दोन शब्दांवर देयक महिनोन्महिने अडून राहते.

२००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा याबाबत स्पष्ट आहे. सूक्ष्म वा लघु उद्योजकाने माल अथवा सेवा दिल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर स्वीकृती झाली असे मानले जाते. हरकत घेतल्यास, ती दूर झाल्याचा दिवस स्वीकृतीचा ठरतो. लेखी करार असला, तरी तेथून ४५ दिवसांपलीकडे मुदत जात नाही. विलंब झाल्यास बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यास विक्रेता म्हणून हे संरक्षण नाही; खरेदीदार म्हणून बंधन मात्र आहे.

म्हणून ‘पूर्ण’ कशास म्हणावे, तपासणी कोणी करावी व सही कोणाची, हे आरंभीच लिहून ठेवावे. सुपूर्दीच्या दिवशी तारखेसह पोच घ्यावी. उणीव आढळल्यास खरेदीदाराने ती मुदतीत लेखी कळवावी. येथे मौन हीच संमती ठरते.