रक्ताच्या कर्करोगावरची गोळी

शेतात तण माजले तर आपण काय करतो? खुरपे घेऊन तेवढे तण काढतो. पिकाला धक्का लावीत नाही. रोगाचेही असे करता आले तर किती बरं होईल! एका डॉक्टरांनी ते करून दाखविले. त्यांची हकिकत आम्ही सांगतो.

आपले शरीर बारीक बारीक पेशींचे बनलेले आहे. बहुतेक पेशींत ४६ धागे असतात. त्यांना गुणसूत्रे म्हणतात. पेशीने कसे वागायचे, ते जणू या धाग्यांवर लिहिलेले असते.

रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार आहे. त्यात रक्तातील पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात दोन संशोधकांना एक गोष्ट दिसली. या रोग्यांच्या पेशींत एक धागा आखूड होता. असं का? १९७३ साली शिकागोच्या डॉक्टर जॅनेट राउली यांनी ते शोधून काढले. दोन धाग्यांचे तुकडे तुटून त्यांची अदलाबदल झाली होती. पुढे कळले की, या चुकीच्या जोडामुळे पेशीत एक बिघडलेले प्रथिन तयार होते. ते पेशीला ‘वाढ, वाढ’ असा सारखा हुकूम देते.

हा हुकूम बंद पाडायचा, असा डॉक्टर ब्रायन ड्रकर यांनी ध्यास घेतला. ते रोगीही तपासत आणि प्रयोगही करीत. स्वित्झर्लंडच्या एका औषध कंपनीत निकोलस लिडन हे शास्त्रज्ञ होते. तिथे तयार झालेली रसायने ड्रकरांनी तपासली. एका रसायनाने रोगट पेशी मेल्या, निरोगी पेशी वाचल्या!

पण या रोगाचे रोगी थोडे. म्हणून कंपनी कचरत होती. ड्रकरांनी पिच्छा सोडला नाही. अखेर १९९८ च्या जूनमध्ये रोग्यांना गोळ्या देऊन पाहिल्या. पुरेशी मात्रा मिळालेले ५४ रोगी होते. त्यांतल्या ५३ जणांच्या रक्तातील पेशींचे प्रमाण ताळ्यावर आले. २००१ साली अमेरिकेत या औषधाला परवानगी मिळाली. त्याचे नाव इमॅटिनिब.

आपल्या देशातही ही गोळी बनते. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला. त्यामुळे स्वस्त गोळ्या मिळत राहिल्या.

ही गोळी प्रत्येक कर्करोगावर चालत नाही. पण या रोगाचे पुष्कळ रोगी आज रोज गोळी घेऊन कामधंदा करतात, संसार करतात. मात्र बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने गोळी सोडू नये. तण पुन्हा उगवते, हे शेतकऱ्याला का सांगायला हवे?