संगणक मंदावला? आधी नाडी बघा!

मैत्रिणींनो, गेल्या पावसाळ्यात आमच्या नेरूळच्या घरातला संगणक अगदी गोगलगाय झाला. बटण दाबून कुकर लावावा, तीन शिट्ट्या व्हाव्यात, तरी पडद्यावरचं चक्र फिरतंच आहे! सहामाहीच्या प्रश्नपत्रिका त्यातच अडकलेल्या; शिवाय सासूबाईंच्या आवाजातल्या ओव्या. त्या आता नाहीत आणि दुसरी प्रतही नाही.

दुकानदाराने न उघडताच निकाल दिला, "बाई, दहा वर्षांचं मशीन. नवंच घ्या." हेही म्हणाले, "घेऊन टाकू या." पण मूल किरकिरलं की आपण आधी ताप बघतो ना? मग इथेही तेच!

आमच्याकडे उबुंटू आहे, लिनक्सच्या घराण्यातली फुकट मिळणारी प्रणाली. लिनक्सचा गाभा लिनस टोर्व्हाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहिला. आपल्या सी-डॅक संस्थेची 'बॉस' प्रणालीही याच घराण्यातली. तिच्यात मराठीही आहे.

आमच्या उबुंटूत 'सिस्टिम मॉनिटर' नावाचा तापमापक होताच. तो उघडला. प्रोसेसर निवांत, पण ४ जीबी मेमरी गच्च भरलेली आणि 'स्वॅप'ही वर चढलेला. म्हणजे काय? मेमरी हा आपला ओटा आणि हार्ड डिस्क हा माळा. ओटा भरला की डबे माळ्यावर टाकायचे, लागले की पुन्हा शिडी लावायची. मग स्वयंपाक रखडणारच! यादीत पहिला नंबर ब्राउझरचा. चिरंजीवांनी बावीस पानं उघडून ठेवली होती. ती मिटताच यंत्राने श्वास सोडला.

तरी सुरू व्हायला वेळ लागेच. म्हणून 'डिस्क्स'मधून हार्ड डिस्कची तपासणी केली, तर तिचे काही भाग खराब झालेले! खरं दुखणं हे. सगळं सोडून आधी ओव्या आणि प्रश्नपत्रिका पेनड्राइव्हवर उतरवल्या. मग एसएसडी बसवून घेतली, मेमरी ८ जीबी केली. नव्या संगणकाच्या मानाने खर्च अगदी किरकोळ. आता चहाला आधण येण्याआधी यंत्र तयार असतं.

एवढं लक्षात ठेवा :

• कुठलाही उपाय करण्याआधी महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत काढा.
• रिकामी मेमरी कमी दिसली तर घाबरू नका. लिनक्स मोकळी जागा तात्पुरत्या साठ्याला वापरतं आणि गरज पडली की सोडतं. स्वॅप सतत हलत असेल तरच मेमरी अपुरी समजा.
• संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे नको ते प्रोग्रॅम बंद करा.
• मेमरी वाढवता येत नसेल तर लुबुंटू किंवा झुबुंटू ही हलकी भावंडं वापरून बघा.
• प्लग काढून मऊ ब्रशने पंख्यावरची धूळ झाडा. फार तापलं की प्रोसेसर आपणच वेग कमी करतो.

परवा दिवे लागल्यावर सासूबाईंच्या ओव्या लावल्या. हे पेपर बाजूला ठेवून ऐकत बसले. नव्या संगणकाचा विषय पुन्हा निघाला नाही.