गेमची फाइल हरवते कुठे?

मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारची मैदानं ओस पडतात आणि पोरं कॉम्प्युटरसमोर बसतात. मित्राकडचा गेम पेन ड्राइव्हवर आणलेला असतो. तो सुरू करायला जावं, तर पडद्यावर चौकट येते, अमुक डीएलएल फाइल सापडत नाही. मित्राकडे मात्र तोच गेम सुरळीत चालू असतो.

डीएलएल म्हणजे तयार कोडचं सामायिक भांडार. आवाज काढणं, चित्र रंगवणं ही कामं प्रत्येक गेमला नव्याने लिहावी लागत नाहीत. विंडोज ही भांडारं शोधून गेमला जोडून देतं. काही भांडारं गेमच्या फोल्डरमध्येच असतात, तर काही इन्स्टॉल करताना विंडोजच्या फोल्डरमध्ये जातात. नुसतं फोल्डर कॉपी केलं की ही दुसरी मित्राकडेच राहतात.

म्हणून चौकटीतलं नाव आधी नीट वाचावं. ‘एमएसव्हीसीपी१४०’ असेल, तर मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी प्लस प्लस रिडिस्ट्रिब्युटेबल टाकायचं. ‘डी३डीएक्स९_४३’ असेल, तर डायरेक्टएक्सचा जून २०१० चा संच लागतो. नवं विंडोज असलं तरी तो वेगळा टाकावा लागतो. ‘व्हाइस सिटी’ हा गेम खेळणाऱ्यांना छळणारी ‘एमएसएस३२’ ही आवाजाची फाइल मात्र गेमबरोबरच येते. ती नसेल तर गेमच पुन्हा इन्स्टॉल करावा.

नेटवरून सुटी डीएलएल उतरवून गेमशेजारी टाकणं हा सगळ्यांत वाईट उपाय. बहुतेक डीएलएल विंडोज आधी गेमच्याच फोल्डरमध्ये शोधतं. तिथे त्याच नावाची बनावट फाइल असली, तर तीच उचलली जाते आणि गेमला असलेले सगळे अधिकार तिला मिळतात. २०१० साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रामने हेच तंत्र कारखान्यांत वापरलं. सीमेन्सच्या सॉफ्टवेअरमधली एक डीएलएल बदलून त्याने यंत्रांच्या नियंत्रकात घातलेला आपला कोड अभियंत्यांपासून लपवला.

अशा फायली पकडणारं एक नावाजलेलं सॉफ्टवेअर महाराष्ट्रातच घडलं. कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर आणि कॉम्प्युटर दुरुस्त करत. दुकानात येणारी यंत्रं व्हायरसने ग्रासलेली दिसू लागली, तेव्हा धाकटे बंधू संजय यांनी ते काढण्याचे प्रोग्राम लिहिले. नव्वदच्या दशकात त्यांतूनच क्विक हील हा अँटिव्हायरस उभा राहिला.

अँटिव्हायरसला संशय आला की तो फाइल वेगळी कोंडून ठेवतो, आणि गेमच्या लेखी ती हरवते! त्यामुळे शोध सुरू करताना अँटिव्हायरसची क्वारंटाइन यादी जरूर पाहावी. संशय खोटाही असू शकतो. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सही दिसते का, ते तपासावं. व्हायरसटोटल या संकेतस्थळावर ती एकाच वेळी अनेक इंजिनांकडून तपासून घेता येते. गेम स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला असेल, तर ‘व्हेरिफाय’ केल्यावर बिघडलेली फाइल मूळ प्रतीवरून पुन्हा येते.

चोरीच्या गेमला ही सोय नाही. त्यातली डीएलएल बहुधा मुद्दामच बदललेली असते, आणि तो बदल फक्त कुलूप तोडण्यापुरता आहे की सोबत आणखी काही पेरलंय, हे अँटिव्हायरसलाही दरवेळी खात्रीने सांगता येत नाही.