चढत्या पैजेच्या पद्धती

चढत्या पैजेच्या पद्धती म्हणजे जुगारात किंवा सट्ट्यात मागील डावाच्या निकालावरून पुढील डावाची रक्कम ठरावीक नियमाने वाढवण्याच्या पद्धती होत. यांपैकी सर्वांत प्रसिद्ध असलेली मार्टिंगेल पद्धत अठराव्या शतकात फ्रान्समध्ये रूढ होती. हरल्यावर रक्कम दुप्पट करायची आणि जिंकताच मूळ रकमेवर परतायचे, एवढाच तिचा नियम आहे.

दुप्पटीचे गणित

जिंकण्याची व हरण्याची शक्यता समान असलेल्या डावावर १०० रुपयांपासून सुरुवात केल्यास कितव्याही डावात जिंकले तरी निव्वळ लाभ १०० रुपयेच होतो. सलग हार झाल्यास मात्र दहाव्या डावाला ५१,२०० रुपये लावावे लागतात आणि तोही हरल्यास एकूण तोटा १,०२,३०० रुपये होतो. दहा डाव सलग हरण्याची शक्यता १,०२४ मध्ये १ आहे. म्हणजे सरासरी १,०२३ मालिकांत मिळून १,०२,३०० रुपये मिळतात व उरलेल्या एका मालिकेत तेवढेच जातात. डाव पूर्णपणे निष्पक्ष असला तरी हाती शून्य उरते. बहुतेक मालिका जिंकल्या जात असल्याने पद्धत ‘चालते’ असा खेळणाऱ्याचा अनुभव असतो आणि तो खोटाही नसतो. फक्त अपुरा असतो.

जळगाव व धुळे हे कापूस पिकवणारे जिल्हे आहेत. २०२४-२५ च्या हंगामातील लांब धाग्याच्या कापसाचा ७,५२१ रुपये हा हमीभाव धरल्यास वरील तोटा सुमारे साडेतेरा क्विंटल कापसाच्या किमतीएवढा होतो.

क्रिकेटच्या सट्ट्यातील भाव

भारतातील अवैध क्रिकेट सट्ट्यात भाव पैशांत सांगितला जातो. आघाडीच्या संघाचा भाव ८० पैसे असल्यास १०० रुपये लावणाऱ्यास जिंकल्यावर ८० रुपये नफा मिळतो. अशा भावात साधी दुप्पट पुरत नाही. पहिले तीन डाव हरून चौथ्या डावाला लावलेले ८०० रुपये जिंकले, तर ६४० रुपये मिळतात. परंतु आधीचा तोटा ७०० रुपयांचा असतो. जिंकूनही ६० रुपये अंगावर पडतात. ८० रुपयांचा नफा कायम राखायचा तर दर वेळी रक्कम सव्वादोनपट करावी लागते : १००, २२५, ५०६... हा चढ दुपटीहून तीव्र आहे.

हे व्यवहार पुष्कळदा तोंडी व उधारीवर होतात. रोख रक्कम मोजावी लागत नसल्याने खिसा रिकामा झाला तरी डाव थांबत नाही आणि हार थेट कर्जात जमा होते.

मटका आणि आखाजी

मटक्याचा उगम कापसाच्या व्यापाराशी निगडित आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून मुंबईस येणाऱ्या उघडत्या व बंद भावांच्या आकड्यांवर प्रारंभी पैजा लागत. हे आकडे येणे थांबल्यावर १९६० च्या दशकात कल्याणजी भगत व रतन खत्री यांनी चिठ्ठ्या आणि पत्त्यांवरून आकडा काढण्याची पद्धत रूढ केली. एकेरी आकड्याला रुपयास नऊ रुपये असा भाव धरल्यास, दहांपैकी एक आकडा येणार असल्याने, प्रत्येक रुपयामागे सरासरी दहा पैसे जातात. रक्कम कितीही चढवली तरी हे प्रमाण बदलत नाही. उलट एकूण लावलेली रक्कम वाढल्याने तोटाच वाढतो. ‘बरेच दिवस न आलेला आकडा आता येणारच’ हा समज येथे चढत्या पैजेस बळ देतो. प्रत्यक्षात ठरावीक आकडा सलग वीस वेळा न येण्याची शक्यता सुमारे १२ टक्के असते.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, एकीकडे सासुरवाशिणींचे झोके व गौराईची गाणी, तर दुसरीकडे पुरुषांचे पत्त्यांचे डाव अशी प्रथा आहे. एरवी पत्ता हाती न धरणारेही त्या दिवशी बसतात.

इतर पद्धती

फ्रेंच गणितज्ञ दालांबेर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत हरल्यावर एक एकक वाढवतात व जिंकल्यावर एक कमी करतात. फिबोनाची पद्धतीत १, १, २, ३, ५, ८ या क्रमाने रक्कम चढते. दोन्हींत चढ सौम्य असला तरी अपेक्षित तोटा तसाच राहतो. जे. एल. केली यांनी १९५६ मध्ये मांडलेले सूत्र मुळातच वेगळे आहे. त्यात पैज हरण्या-जिंकण्यावर नव्हे, तर खेळणाऱ्याच्या बाजूने असलेल्या अनुकूलतेवर ठरते. अनुकूलता नसल्यास सूत्राचे उत्तर शून्य किंवा ऋण येते, म्हणजे पैज लावूच नये.

कायदा

महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. घोड्यांच्या शर्यतींवरील पैजेला त्यात काही अटींवर सूट आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार शून्य ठरतो, त्यामुळे जिंकलेली रक्कम दावा लावून वसूल करता येत नाही. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने बंदी घातली असून त्यातील शिक्षा खेळणाऱ्यांस नव्हे, तर असे खेळ चालवणारे, त्यांची जाहिरात करणारे व त्यांचे आर्थिक व्यवहार हाताळणारे यांना आहे.