गतवर्षातील प्रिय ग्रंथ

अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीचे नाव २०२३ च्या मराठा आरक्षण आंदोलनाने सर्वतोमुखी झाले आणि निजामकालीन महसुली दप्तरांतील कुणबी नोंदींची चर्चा चावडीचावडीवर सुरू झाली, तेव्हापासून मराठवाड्याच्या या मुलखाचे अंतरंग ज्यांतून उमगेल अशाच ग्रंथांकडे माझे मन ओढले गेले. गतवर्षी वाचलेल्यांत सर्वाधिक प्रिय ठरली ती रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ ही १९७१ ची कादंबरी. खेड्यातील शिंप्याच्या संसाराची वाताहत त्याच्या पत्नीच्याच मुखातून, मराठवाडी बोलीत, अशी कथन झाली आहे की वाचक व्याकुळ होतो. आसाराम लोमटे यांचा, २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेला ‘आलोक’ हा कथासंग्रह अलीकडच्या ग्रामजीवनाचे दर्शन घडवतो. १९४८ पूर्वीच्या निजामी अमलासाठी मात्र अनंत भालेराव यांचा हैदराबाद मुक्तिसंग्रामावरील ग्रंथच हाती घ्यावा.